पणजीचे माहेर कसे शोधावे?

आपल्याकडे पुष्कळ घरांत वंशावळ असते. कुणाच्या देवघरातल्या पेटीत, कुणाच्या जमिनीच्या दाव्याच्या कागदांत, तर कुणाच्या आजोबांच्या रोजनिशीच्या मागल्या पानावर ती लिहिलेली सापडते. उलगडून पाहिली की मूळ पुरुष वर बसलेला दिसतो आणि त्याच्याखाली पुत्र, पौत्र, प्रपौत्र अशा फांद्या फुटत गेलेल्या दिसतात. या झाडाला सगळे काही असते, फक्त बायका नसतात. चार-पाच पिढ्यांचे पंधरा-वीस पुरुष आणि त्यांत एकही बाई नाही, अशी वंशावळ मुळीच दुर्मीळ नाही. फार तर एखाद्या नावाशेजारी ‘भार्या लक्ष्मी’ एवढे शब्द असतात. ही लक्ष्मी कोणाची लेक, कोणत्या गावची, तिच्या बापाचे आडनाव काय, हे लिहिण्याची गरज कोणाला वाटलेली नसते. कारण ज्यांनी वंशावळ लिहिली त्यांना ते ठाऊकच होते. त्यांच्या पाठोपाठ ते ठाऊकपणही गेले.

आता कोणी म्हणेल, एवढ्या मागचे माहेर शोधून करायचे काय? हौस म्हणून शोधणारे आहेतच, आणि ती हौस काही वाईट नाही. पण हौसेपलीकडचीही कारणे आहेत. हिमोफिलियासारखा आजार, ज्यात रक्त गोठत नाही, तो मुख्यत: आईकडून मुलाकडे येतो. अशा वेळी डॉक्टर विचारतात की तुमच्या मामाला, आईच्या मामाला हा त्रास होता काय? आणि घरात कोणाला सांगता येत नाही. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत दोन पिढ्यांपूर्वी लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे नाव निघते आणि तिची लेकरे कोठे आहेत याचा पत्ता लागत नाही. म्हणून आज या शोधाच्या वाटा कोणकोणत्या आहेत आणि त्यांपैकी आपल्या देशात उपयोगी कोणत्या, याविषयी चार गोष्टी सांगतो.

पहिली अडचण अशी की आपल्याकडे बाईचे लग्नात फक्त आडनाव बदलत नसे. पुष्कळ घराण्यांत तांदळाच्या ताटात नवे नाव लिहिले जाई आणि त्या दिवसापासून जुने नाव संपे. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. रमाबाई रानडे याही माहेरी यमुनाच, कुर्लेकरांच्या. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका गोखले, आणि झाशीच्या राणीसाहेब मोरोपंत तांब्यांच्या मनकर्णिका. म्हणजे सासरच्या कागदावर जे नाव आहे ते माहेरच्या कागदावर असण्याची खात्री नाही. सासरची रमा शोधायला तुम्ही माहेरच्या गावी जाल तर तिथे रमा सापडणार नाही. सापडेल ती यमुना, आणि ती हीच, हे दुसऱ्या पुराव्याने ठरवावे लागेल.

दुसरी अडचण आडनावाचीच आहे. आडनाव ही फार पुरातन, अढळ गोष्ट आहे अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई ही वाईच्या रास्त्यांची कन्या. पण रास्त्यांचे मूळ आडनाव गोखले. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, फुलांच्या धंद्यावरून फुले झाले. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील हे तर वतनाचे हुद्दे. एकाच घराची एक पाती ‘कुलकर्णी’ लिहिते आणि दुसरी गावावरून ‘कर’ लावते. गावाचे नाव लावणाऱ्यांचा आणखी एक घोळ असतो. गावात राहणाऱ्याला त्या गावाचे नाव लावायचे कारण नसते, गाव सोडून गेलेल्यालाच लोक त्या नावाने ओळखतात. त्यामुळे घराण्याने दोनदा गाव बदलले असेल तर दोन आडनावे झालेली असू शकतात. शिवाय एकोणिसाव्या शतकात, विशेषत: मुंबईत, आडनाव न लिहिण्याचीच चाल होती. भाऊ दाजी, दादोबा पांडुरंग, जगन्नाथ शंकरशेट ही नावे आपण आजही तशीच घेतो. लाड, तर्खडकर, मुरकुटे ही त्यांची आडनावे सांगितली तर ऐकणारा क्षणभर थबकतो. रखमाबाईंचा तो गाजलेला खटला १८८४ सालापासून चालला, त्याचे नावही ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’. आडनाव दोघांपैकी एकालाही नाही. जिथे पुरुषाचेच आडनाव कागदावर नाही तिथे बाईच्या माहेरचे कोठून असणार? आणि कधी तर माहेर-सासरचे आडनाव एकच निघते. आनंदीबाई माहेरच्याही जोशीच होत्या.

सांगायचा मुद्दा असा की ‘आडनाव शोधतो’ असे मनाशी म्हणून निघू नये. बापाचे नाव, गाव, गोत्र किंवा देवक, आणि कुलदैवत, एवढ्या गोष्टी हाती आल्या की आडनाव मागोमाग येते. उलट नुसते आडनाव मिळाले तर हाती काहीच नसते, कारण जोशी आणि जाधव किती आहेत याची मोजदाद कोण करणार?

विलायतेत हे काम कसे करतात ते थोडक्यात पाहू, कारण या विषयावरची बहुतेक माहिती तिकडूनच येते आणि आपले लोक ती वाचून तसेच करायला जातात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. जन्माच्या दाखल्यात आईचे लग्नापूर्वीचे आडनाव लिहिण्याचा रकानाच आहे. लग्नाच्या दाखल्यात वधूच्या बापाचे नाव आणि धंदा असतो. गंमत म्हणजे वधूवरांच्या आयांची नावे त्या दाखल्यात २०२१ साली आली, तोपर्यंत फक्त बाप! स्कॉटलंडचे लोक या बाबतीत अधिक चोख. तिथे १८५५ पासून लग्नाच्या आणि मृत्यूच्याही नोंदीत आईचे माहेरचे आडनाव लिहितात, त्यामुळे पंचाहत्तर वर्षांच्या म्हातारीच्या मृत्यूच्या दाखल्यावरून तिच्या आईचे माहेर कळते.

त्याच्या जोडीला तिकडे खानेसुमारीचे कागद आहेत. १८४१ पासून दर दहा वर्षांनी घरोघरची नावे लिहून घेतली, आणि १८५१ पासून घरातल्या प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्मगावही लिहिले. हे कागद शंभर वर्षे बंद ठेवून मग लोकांना खुले करतात. १९२१ चे कागद २०२२ च्या जानेवारीत खुले झाले. त्यातून माहेर कसे शोधतात? गणतीच्या रात्री घरात मुक्कामाला असलेली माणसे पाहतात. एखाद्या घरात ‘सासरा’ किंवा ‘मेव्हणा’ म्हणून कोणी लिहिलेला असला की त्याचे आडनाव तेच बायकोचे माहेर. पाहुणा रात्रीपुरता आला आणि शंभर वर्षांनी पणतवंडांच्या उपयोगी पडला. अर्थात तिकडेही सगळे सुरळीत नाही. इंग्लंडची १९३१ ची सगळी पत्रके १९४२ च्या डिसेंबरात आगीत जळाली, आणि आयर्लंडचे पुष्कळ जुने दप्तर १९२२ च्या यादवीत डब्लिनमध्ये भस्म झाले.

आपल्याकडे मात्र हा रस्ता बंद आहे, हे स्पष्ट समजून घ्यावे. हिंदुस्थानात पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास झाली आणि १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी एकाच वेळी सर्वत्र होऊ लागली. पण आपण जपून ठेवले ते आकडे. कोणत्या जिल्ह्यात किती घरे, किती विधवा, किती साक्षर, याचे जाडजूड खंड ग्रंथालयांत मिळतात. घरोघरची नावे लिहिलेली पत्रके मात्र आकडे काढून झाले की नाहीशी करण्यात आली. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याने ही पत्रके कोणालाही पाहता येत नाहीत आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. त्यामागे हेतू चांगला आहे, लोकांनी भीती न बाळगता खरे सांगावे. पण पणजीच्या शोधाला त्याचा उपयोग नाही. पेशवाईतल्या काही गावांच्या खानेसुमाऱ्या पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत, त्यांत घरवार नावे सापडतात. ती बहुधा घरधन्यांचीच.

लग्नाच्या नोंदीचे म्हणाल तर हिंदू लग्न हे अग्नी आणि ब्राह्मण यांच्या साक्षीने होई, सरकारचा तिथे संबंध नसे. मुंबई राज्यात १९५३ साली विवाहनोंदणीचा कायदा झाला, पुढे महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आला आणि सर्व धर्मीयांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००६ साली निघाला. म्हणजे आपल्या आजीपणजीच्या लग्नाला यातले काहीच लागू पडत नाही. अपवाद आहेत ते पारशी आणि ख्रिस्ती समाजांचे. पारशी विवाहांची नोंद १८६५ च्या कायद्यापासून आहे. ख्रिस्ती लग्नाच्या नोंदीत वधूच्या बापाचे नाव असते, आणि अहमदनगरसारख्या ठिकाणी मिशनच्या जुन्या मंडळ्यांच्या वह्या हाती आल्या तर मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे माहेर कळायला अडचण पडत नाही. गोव्याचा प्रकार आणखी निराळा. तिथे पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली आणि नागरी नोंदणीत मुलाच्या आईचे नावच नव्हे, तर दोन्ही बाजूंचे आजी-आजोबाही लिहिण्याची पद्धत होती. ज्यांची पणजी गोव्याकडची आहे त्यांनी आधी तिकडचेच कागद पाहावेत. इथे चार वर्षांत मिळणार नाही ते तिथे एका पानात मिळण्याचा संभव आहे. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांसाठीही तशीच सोय आहे. तिथल्या महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांची जुनी दप्तरे जपलेली आहेत, आणि त्यांतून मूळ गावाचा माग काढता येतो.

मग बाकीच्यांनी काय करावे? सुरुवात कागदाने करूच नये. घरात, नात्यात जी वृद्ध बाई हयात असेल तिच्याशेजारी जाऊन बसावे. आणि बसल्या बसल्या ‘तुमच्या सासूबाईंचे माहेरचे आडनाव काय’ असा जाबसाल करू नये. ती ‘कोण जाणे बाई’ म्हणून मोकळी होते. तिला असे विचारावे की सासूबाईंना माहेरी न्यायला मुराळी कोण यायचा? भाऊबीजेला कोण यायचे? माहेरी जाताना वाटेत नदी लागायची का, तर उतरायचे कोणीकडून? त्यांच्या माहेरी जत्रा कोणत्या देवाची असे? लग्नाकार्यात त्यांच्याकडून आहेर कोण आणी? मुराळ्याचे नाव आठवले की भावाचे नाव मिळाले. नदी आणि जत्रा आठवली की गाव निम्मे सापडले. जुन्या बायकांच्या ओव्यांत तर माहेरचा गाव, भाऊ, वाट सारखी येत असते. आई-आजीने म्हटलेल्या ओव्या कोणाला आठवत असतील तर त्या उतरून घ्याव्यात आणि गावांची नावे टिपावीत. मात्र ओवीतला गाव खरा माहेरचा की यमकासाठी आलेला, ते पडताळून पाहावे लागते.

यानंतर घरातले कागद. लग्नाची याद असेल तर फारच उत्तम, कारण देण्याघेण्याच्या करारावर दोन्ही पक्षांची नावे असतात. आहेराच्या वहीत मामाकडचे लोक कोण, ते आहेरांच्या रकमांवरून लक्षात येते. मामाचा आहेर बहुधा मोठा आणि पहिल्या पानावर. जन्मपत्रिका जपून पाहाव्यात, ग्रहांसाठी नव्हे, गावासाठी. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. म्हणून थोरल्या मुलाच्या पत्रिकेत जन्मस्थान म्हणून जो गाव लिहिलेला असतो तो पुष्कळदा त्याच्या आईचा माहेरचा गाव असतो. धाकट्या मुलांच्या पत्रिका इथे उपयोगी नाहीत, त्यांचे जन्म सासरच्या घरी झालेले असतात. हाच धागा सरकारी कागदातही लागू पडतो. गावोगावी जन्ममृत्यूची नोंदवही असे, लोक तिला कोतवालबुक म्हणतात, महसुली भाषेत गाव नमुना चौदा. थोरल्या आजोबांचा जन्म आपल्या गावच्या वहीत सापडत नसेल तर वही अपुरी आहे असे समजू नका. ती नोंद त्यांच्या आजोळी असेल. आणि ज्या नोंदवह्यांत खबर देणाराचे नाव लिहिलेले असते, तिथे खबर द्यायला गेलेला माणूस बाळाचा आजा किंवा मामा असण्याचाच संभव अधिक.

श्राद्धाचे कागदही असेच बोलके असतात, आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पार्वण श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर मातामह, म्हणजे आईचा बाप, त्याचा बाप आणि त्याचाही बाप यांना पिंड असतो. तुम्ही करता त्या श्राद्धात तुमच्या आईचे वडील येतात, पणजीचे येत नाहीत. पण तुमच्या आजोबांनी केलेल्या श्राद्धात त्यांच्या आईचे, म्हणजेच तुमच्या पणजीचे, वडील येत असत. आजोबांनी भटजींसाठी केलेली पितरांची यादी पोथीत कोठे दडलेली असली तर पणजीच्या माहेरच्या तीन पिढ्या एका चिठोऱ्यावर मिळतात. महालयातल्या यादीत तर मामा, मावशी, आत्या, सासरे असे सगळेच असतात, म्हणून पणजोबांची यादी मिळाली तर त्यांचा ‘श्वशुर’ तोच पणजीचा बाप. या यादीत आडनाव नसते, नाव आणि गोत्र असते. पण तेवढ्याने अर्धी लढाई होते. जिथे गोत्राऐवजी देवक मानतात तिथेही हीच युक्ती. ज्यांचे देवक आपल्यासारखे ती घरे सोयरीकीतून सुटतात, आणि शोधायची घरे तेवढी कमी होतात.

आता कचेरीतल्या कागदांकडे वळू. इथे सर्वांत आधी चार शब्द ओळखता यायला हवेत, नाहीतर कागद समोर असून उपयोग नाही. जुन्या मराठी कागदांत पुरुषाचे नाव ‘अमका बिन तमका’ असे लिहीत. बिन म्हणजे पुत्र. ‘वलद’ याचाही अर्थ तोच. बाईचे नाव असेल तर ‘सखूबाई कोम गणू’ किंवा ‘सखूबाई जौजे गणू’. कोम आणि जौजे, दोहोंचा अर्थ बायको. पुढच्या काळात ‘भ्रतार’ हा शब्द येतो आणि सातबाराच्या उताऱ्यांत ‘भ्र.’ अशी त्याची नुसती खूण राहते. नवखा वाचणारा ‘कोम’ पाहून ती जातीची किंवा कौमेची खूण समजतो, आणि ‘बिन’ पाहून मुसलमान कुटुंब समजतो. दोन्ही समजुती चुकीच्या. सखूबाई कोम गणू असे दिसले की गणू हा तिचा नवरा, बाप नव्हे. त्याच्या मागे लागून माहेर सापडणार नाही.

हे शब्द माहीत झाले की लक्षात येते, सासरच्या गावच्या कागदांत पणजी सदा ‘कोम’ असते. तिचा बाप तिथे येतच नाही. म्हणून तिला शोधायचे ते माहेरच्या गावच्या कागदांत, जिथे ती वारस म्हणून किंवा हक्क सोडून देणारी म्हणून आलेली असेल. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि फेरफारांच्या वह्या लिहिल्या जाऊ लागल्या. ज्याला मुलगा नव्हता त्याच्या मागे विधवा आणि तिच्या मागे मुलगी असा वारसा तेव्हाही चाले, त्यामुळे मुलगे नसलेल्या घरच्या लेकी या फेरफारात ठळक दिसतात. बापाने चोळीबांगडीसाठी लेकीला तुकडा दिला असेल तर त्याचीही नोंद सापडते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला आणि या कागदांचे रूपच पालटले. बापाच्या मागे मुलीही वारस झाल्या. त्यानंतरच्या वारसनोंदीत मुलगे, विधवा आणि मुली अशी सगळी यादी येते, आणि मुलींची नावे सासरच्या नावासकट! एका ओळीत बाप आणि नवरा, माहेर आणि सासर. जे कोणी आजवर लिहिले नाही ते तलाठ्याने लिहून ठेवले. लगोलग दुसरा कागद येतो तो हक्कसोडपत्राचा, भावांच्या लाभासाठी बहिणींनी अंगठे उठवलेला. त्या कागदामागे बहिणीची राजीखुशी किती आणि माहेर तुटेल ही धास्ती किती, हा प्रश्न वेगळा, आणि सोपा नव्हे. शोधणाऱ्याला मात्र तो कागद सोन्यासारखा असतो. नोंदलेले दस्तऐवज दुय्यम निबंधकाच्या कचेरीत असतात. तिथल्या सूचीत नावावरून शोध घेता येतो आणि फी भरून ती पाहायला मिळते.

पणजी १९५६ च्या आधीच वारली असेल, तर? तर तिची लहान बहीण किंवा भाची शोधावी. माहेर एकच असते. थोरलीचा कागद नसला तरी धाकटीचा असू शकतो. या शोधात सरळ वाटेने कमी आणि आडवाटेने अधिक मिळते, असाच अनुभव येतो.

शाळेचा दाखल-खारीज उतारा हा पुढच्या पिढ्यांसाठी चांगला. विसाव्या शतकात शाळेत गेलेल्या मुलींची नावे माहेरच्या नावाने, बापाच्या नावासकट आणि जन्मतारखेसह तिथे आहेत. पणजी शाळेत गेली नसली तरी आजीची धाकटी बहीण गेलेली असू शकते. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांचा लौकिक मोठा आहे, नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथे पिढ्यानपिढ्यांचे लेख आहेत. आपला उपाध्याय कोण हे गाव आणि आडनाव यांवरून ठरते. म्हणून प्रथम सासरच्या वहीतला लेख पाहावा. यात्रेला बरोबर आलेल्या सोयऱ्यांची नावे कधी कधी तिथेच मिळतात. मग संशयित माहेर हाती आले की त्या घराण्याची वही उघडून ताळा पाहावा. सांगली-कोल्हापूरच्या बाजूला हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी बाळगून असतात आणि सुगीला दारी येतात. त्यांना भिक्षा घालून परत पाठवण्यापूर्वी बसवून घ्यावे. कुलवृत्तान्ताचे जे ग्रंथ छापले गेले आहेत त्यांत तर सुना कोणाच्या आणि लेकी कोठे दिल्या हे दिलेले असते. फक्त लक्षात ठेवायचे ते हे की तुमची पणजी दुसऱ्याच्या कुलवृत्तान्तात ‘लेक’ म्हणून, आणि बहुधा दुसऱ्या नावाने, बसलेली आहे. तेव्हा तिचे नाव न शोधता आपल्या पणजोबांचे नाव त्या पुस्तकातल्या जावयांत शोधावे.

एवढे सगळे जमले तरी शेवटी वाटेत मोडी आडवी येते. जुनी कोतवालबुके, फेरफार, यादी, पुष्कळसे मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द सुटे लिहीत नाहीत, आणि लिहिणाराचे वळण घाईचे असले तर एका नावाचे दुसरे नाव सहज वाचले जाते. अंदाजाने वाचू नये. आपल्याला हवे तेच आडनाव कागदात दिसू लागते. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी सरकारने समिती नेमली तेव्हा गावोगावची मोडी दप्तरे बाहेर निघाली आणि ती वाचणाराची किंमत लोकांना कळली. राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग चालतात. महिनाभर मन लावून बसले तर नावे आणि तारखा वाचण्याइतकी मोडी येते. ज्याला ते जमत नाही त्याने जाणकाराकडून वाचून घ्यावे, पण त्याला आपल्याला काय हवे आहे ते आधी सांगू नये. तो जे वाचील ते उतरून घ्यावे, आणि मग आपल्या टिपणाशी ताडून पाहावे.

टिपण ठेवण्याचीही एक रीत आहे. प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणी सांगितली किंवा कोणत्या कागदात, कोणत्या सालच्या, मिळाली ते लिहावे. ‘आत्याने सांगितले’ आणि ‘फेरफारात पाहिले’ यांत फरक आहे, आणि दहा वर्षांनी आपल्यालाच तो आठवत नाही. दोन स्वतंत्र पुरावे जुळले तरच आडनाव शाईने लिहावे, तोपर्यंत शिसपेन्सिलीने. आणि त्याच वहीत आपल्या घरातल्या हयात असलेल्या सुनांची माहेरची नावे, त्यांच्या आईवडिलांची नावे आणि गावे आजच लिहून टाकावीत. त्याला कोणत्याही कचेरीत जावे लागत नाही.